तीन नंबरचा खोका

“अरे सोड तिले! सोड! तलंग शे ती, सायकलचा भोंगा नही! असा दाबस काय? तिना जीव जाई ना!”

सलीम, तुझ्या त्या ओरडण्यानं पारोळ्याच्या किल्ल्यावरची झाडून सगळी कबुतरं उडाली आणि थेट अमळनेरला जाऊन बसली, असं मी पुढं महिनाभर गावात सांगत फिरलो. खरं म्हणजे दोनच उडाली. तीही आमच्या पत्र्यावरून शेजारच्या पत्र्यावर. पण आवाज मोठा होता, हे तरी कबूल कर. चाळीस वर्षं लाकडाच्या खरादीवर उभा राहिलेला माणूस मशीनच्या वर आवाज चढवूनच बोलतो. भाभीला ‘मीठ दे’ म्हणालास तरी अख्खी गल्ली मिठाचा डबा शोधायची.

मी त्या तलंगेच्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबडीच्या, शेपटाखालची हाडं चाचपत होतो. तूच शिकवलं होतंस, की दोन हाडांच्या मधे एक बोट मावलं तर अजून वेळ आहे, दोन मावली की पंधरवड्यात अंड्यावर येणार. आता माझं बोट तुझ्या बोटाच्या दीडपट जाड. म्हणून माझ्या हातात बाराच्या बारा लहान निघायच्या, तुझ्या हातात बाराच्या बारा तयार. यावर आपण जेवढं भांडलो, तेवढं लोक शेताच्या बांधावरून भांडत नाहीत.

शेवटी तू तिला माझ्या हातातून काढून घेतलीस, खाली सोडलीस आणि पाठीवर नुसता तळवा ठेवलास. ती लगेच खाली दबली, पंख थोडे बाजूला सोडून, मान आखडून.

“ही बघ, बठनी,” तू म्हणालास. या वेळी हळू. “हाडं काय मोजस, बंडल? पाठवर हात ठेव. ती स्वतःच सांगस.”

तुला जाऊन अठरा दिवस झाले. मला ‘बंडल’ म्हणणारं आता गावात कुणी नाही. मागं म्हणतात, मला माहीत आहे, पण तोंडावर म्हणायची छाती तुझीच.

नाव तू चुकीचं ठेवलं नव्हतंस. बसवर कंडक्टर होतो तोवर मी प्रवाशांना काय काय नाही सांगितलं! दोंडाईचाच्या गाडीत बिबट्या चढला आणि त्यानं अर्धं तिकीट मागितलं, हे मी इतक्यांदा सांगितलंय, की आता त्याचा चेहरासुद्धा मला आठवतो. लोक हसायचे. तू हसायचा नाहीस. हातातलं लाटणं खरादीवर फिरवत, मान वर न करता एकच प्रश्न विचारायचास, “उतरना कोठे?” झालं. तिथं माझा बिबट्या मरायचा. चौथीच्या वर्गापासून तुझं हेच. मी तासभर हवा भरायची आणि तू एका टाचणीनं काढून टाकायची. त्या टाचणीचा मला भारी राग यायचा, सलीम. पण तू दुकानात नसलास तर मला गोष्ट सांगायला मजाही यायची नाही.

कोंबड्या हे काही आपलं काम नव्हतं. लाकडाचा भुसा तुझ्या छातीत जाऊन बसला, डॉक्टरनं खरादीसमोर उभं राहायचं नाही म्हणून सांगितलं, आणि तू पंधरा दिवस ओट्यावर बसून स्वतःच्या हातांकडे बघत राहिलास. पलंगाचे पाय, पाळण्याचे खूर, लाटणी, भोवरे, सगळं बंद. मी दुसरं काय करणार होतो? तुझं लक्ष लागावं म्हणून म्हणालो, माझ्या मागच्या वाड्यात जागा आहे, कोंबड्या पाळू. मला वाटलं, चार दाणे टाकायचे, संध्याकाळी डालग्याखाली झाकायचं, त्यात काय. तू मात्र ते खरादीसारखं मनावर घेतलंस. बाजारातून बारा पिलं आणलीस, प्रत्येकीचे पाय उलटे करून बघून. भुरी, लाली, तुऱ्याची, लंगडी, बाकीच्यांना नावं ठेवायचं माझ्यावर सोपवलंस आणि मी ठेवलेली सगळी नावं रद्द केलीस.

तुला मी किती वर्षं सांगत होतो, नाकाला फडकं बांध. कितीदा सांगितलं? तू म्हणायचास, फडक्यानं लाकडाचा वास कळत नाही. आता हे भांडण कुणाशी पुरं करू? वास कळला ना तुला? शिवणीचा कळला, सागाचा कळला, आणि छाती गेली. मला अजून राग येतो. मध्येच, भाजी घेताना वगैरे, एकदम येतो, आणि भाजीवाली विचारते, काका, काय झालं?

आंब्याच्या पेट्या सोडवून तू सहा खोके केलेस. जमिनीपासून हातभर उंच, एका ओळीत. वरचं झाकण उतरतं, म्हणजे कुणी वर बसून झोपणार नाही. तोंडाशी चार बोटं उंचीची पट्टी, म्हणजे कुट्टी बाहेर सांडणार नाही आणि अंडं घरंगळणार नाही. वरून गोणपाटाचा अर्धा पडदा. मी म्हणालो, “पडदा कशाला? त्या काय लाजतात?”

“लाजतस,” तू म्हणालास. “तू लोकांसमोर लाजत नहीस म्हणून कोनीच लाजत नही का?”

आत कडब्याची बारीक कुट्टी आणि केळीची वाळलेली पानं, हातावर चोळून मऊ केलेली. आणि प्रत्येक खोक्यात एक लाकडाचं अंडं. डॉक्टरनं बंदी केलेली असताना, भाभी बाहेर गेलेली बघून, तू खरादीवर सहा अंडी उतरवलीस. शिवणीच्या लाकडाची, फिकट, गुळगुळीत. मी शपथेवर सांगतो, त्यातलं एक मी चुकून फोडायला घेतलं होतं. बरं, शपथ सोड. पण हातात घेतल्यावर क्षणभर कळत नव्हतं, हे खरं.

आणि इथं आपला सगळ्यात मोठा वाद. मी म्हणत होतो, कोंबडीला अंडं कुठं घालायचं हे कोण शिकवतं? तिच्या आईनं कधी खोका पाहिला होता? तिला पोटातूनच कळतं. तू म्हणत होतास, अंडं घालायचं तिला कळतं, कुठं घालायचं ते दाखवावं लागतं.

“पहिलं अंडं जठे पडनं, ती तिनी जागा,” तू म्हणालास. “मंग तू किती बी वढ, ती तठेच जाई. म्हणून पहिल्या अंड्याच्या आधी खोका दाखवना पडस. एक डाव जागा चुकनी, की चुकनीच.”

“आणि हे लाकडाचं? ती काय आंधळी आहे?”

“आंधळी नही. ती बघस, इथं आधी कोनी घातेल शे, आनि ते कोनी चोरेल नही. मंग ती बठस.”

त्यानंतर रोज सकाळी तू एकेकीला उचलून खोक्यात बसवायचास, पडद्याआड हात घालून क्षणभर धरून ठेवायचास. ती बाहेर यायची. पुन्हा ठेवायचास. मी खाटेवर बसून टिंगल करायचो, “शाळा भरली का मास्तर? हजेरी घ्या!” अकरा दिवस तू हे केलंस. खोकत, थांबत, खांबाला टेकत. त्यांचे तुरे लाल होत चालले होते. त्या कोपऱ्याकोपऱ्यात डोकवायला लागल्या, उगाच कुकारायला लागल्या. आणि बाराव्या सकाळी भुरी आपली आपण उडी मारून तीन नंबरच्या खोक्यात शिरली. अंडं घातलं नाही. लाकडाचं अंडं चोचीनं फिरवलं, कुट्टीत गोल फिरली, पोटानं खड्डा केला आणि बसली. तू तोंडावर बोट ठेवून मला गप्प केलंस. तुला इतका आनंद झाला होता की तू खोकायचं विसरलास, असं मी सगळ्यांना सांगितलंय. खरं तर तू फार खोकलास. पण खोकतानाही हसत होतास.

त्या दिवशी तू मला म्हणालास, “माले भुरीनं पहिलं अंडं बघनं शे. मंग चालस.” मंग चालस, म्हणजे मग काहीही झालं तरी चालेल. मी म्हणालो, तीन नंबरातलं पहिलं अंडं तुझ्या हातात मी देणार, वचन. आता वाटतं, वचन तरी द्यायला नको होतं. ती सवय मला बिबट्यापुरतीच ठेवायला हवी होती.

खोक्यांना संध्याकाळी फळ्या लावायच्या, पहाटे काढायच्या, हा तुझा नियम. रात्री आत झोपल्या तर घाण करतील आणि घाण जागी मग अंडं घालणार नाहीत. आमच्या घरातलीनं एकदा झाडताना फळी सरकवली तर तू तिलाही सोडलं नाहीस. “वहिनी, खोक्यांले कोनी हात लावाना नही. मी आनि हा बंडल, बस.” ती बिचारी तेव्हापासून त्या बाजूला झाडायचीसुद्धा नाही.

मग एका संध्याकाळी सहावी फळी लावताना तू खाली बसलास. मला आधी वाटलं, फळी नीट बसतेय का ते बघतोयस. मग तुझ्या गळ्यातून जो आवाज आला, तो मी कुणाला सांगितलेला नाही, आणि सांगणारही नाही. जीप आली, धुळ्याला नेलं, नळी लावली. मी तिथं तीन दिवस राहिलो. घरी फोन करून सांगितलं, दाणे टाक, पाणी ठेव. ती म्हणाली, टाकते. फळ्यांचं माझ्या डोक्यातून साफ गेलं. आणि तिला तर तूच सांगितलं होतंस, हात लावायचा नाही.

सलीम, यापुढचं मी एक शब्दही वाढवून सांगणार नाही. वाढवता आलं असतं तर बरं झालं असतं.

त्या तीन दिवसांत मी काय करत होतो, ते ऐक. दवाखान्याबाहेर चहाच्या गाडीवर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला तुझ्या आजाराची गोष्ट सांगत होतो. जीप कशी वाऱ्यासारखी आली, मी तुला कसं एकट्यानं उचललं, डॉक्टर कसा माझ्याकडे बघत राहिला. लोक माना डोलवत होते. मला बरं वाटत होतं. आणि तिकडं कोंबड्या रोज सकाळी उठून तू दाखवलेल्या जागेपाशी जात होत्या आणि फळ्यांवर चोची आपटत होत्या.

चौथ्या दिवशी घरी आलो तर सहाही फळ्या लावलेल्या. तीन नंबरच्या फळीवर चोचीचे ओरखडे होते, आणि तिच्याच खाली जमिनीवर एक अंडं फुटलेलं. एवढंसं, लिंबाएवढं. बलक सुकून मातीला चिकटलेला, त्यावर मुंग्या. तेच होतं, सलीम. भुरीचं पहिलं. ती जागेवर आली होती. जागा बंद होती.

मग त्यांनी दुसरी जागा शोधली. कुंपणापलीकडं कापसाच्या पऱ्हाट्या रचून ठेवल्यात ना, त्याच्या पोटात अंधार, आडोसा, सगळं तुझ्या खोक्यासारखं. जाळीला खालून फट होती. तिथून त्या जात होत्या. तिथं कुत्र्यांना त्या सापडल्या. पिसं बघून मोजलं, सात गेल्या होत्या. भुरी त्यात होती. पऱ्हाट्यांच्या आत टरफलंच होती.

मी फट दगडानं बुजवली. सहाही फळ्या काढल्या. कुट्टी बदलली, लाकडी अंडी पुसून पुन्हा ठेवली. पाच राहिल्या होत्या, त्यांना उचलून तुझ्यासारखं खोक्यात बसवलं, हात घालून धरलं. त्या बाहेर आल्या. मी पुन्हा ठेवलं, पुन्हा बाहेर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करत होतो आणि पाचही जणी कुंपणावरून उडून पऱ्हाट्यांकडे गेल्या. एक डाव जागा चुकनी. पंख कापायला हवे होते. कात्री घरात होती. मला सुचलं नाही. तुला विचारायला हवं होतं, पण तुला कसं विचारणार होतो?

आवाज ऐकून ओल्या अंगानं धावलो. एकही राहिली नाही.

मी पिसं गोळा केली, खड्डा केला, पुरलं. मग कपडे घातले आणि धुळ्याची बस पकडली. वाटेत ठरवलं होतं, सांगायचं. कसं सांगायचं ते शब्दसुद्धा लावले होते.

तू नळी बाजूला करून पहिलं काय विचारलंस? “फळ्या काढ्यात का?”

“काढल्या,” मी म्हणालो. ते खरंच होतं. मला तेवढ्यावर थांबता आलं असतं.

“कोनी बठनं का?”

तुझे डोळे किती आत गेले होते. हाताच्या शिरा निळ्या झाल्या होत्या. मी म्हणालो, “भुरी बसली की! तीन नंबरात. अर्धा तास हलली नाही. लाली बाहेर रांगेत उभी, पाय आपटतेय, तिकिटासाठी उभी असल्यासारखी.”

तू हसलास. पडद्यापलीकडची नर्स येऊन दोघांवर ओरडली, “बाबा, नळी काढायची नाही! आणि काका, तुम्ही हसवू नका त्यांना!”

झालं, मी सुरू झालो. त्या दिवसापासून मी रोज पारोळा-धुळे करायला लागलो आणि रोज एक कोंबडी खोक्यात बसवायला लागलो. तुऱ्याचीनं एक नंबर पसंत केला. लंगडीला उडी जमेना म्हणून मी वीट ठेवली. दोघी एकाच खोक्यात शिरल्या आणि भांडल्या, मी मधे पडलो तर माझ्याच हाताला चोच. हातावर ओरखडा होता, तो दाखवला. तो जाळीचा होता, दगड सरकवताना लागलेला. भाभी कोपऱ्यात स्टुलावर बसून ऐकायची. बाराच्या बारा मेल्या होत्या आणि मी त्यांची एकेकीची खोड तुला सांगत होतो. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या गोष्टी मी त्या आठवड्यात सांगितल्या, सलीम. लाज वाटते, पण चांगल्या होत्या.

मग तू म्हणालास, “उद्या भुरीनं अंडं आन.”

दुसऱ्या दिवशी मी धुळ्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा माझे हात रिकामे होते. पारोळ्याच्या बाजारात गावठी अंडी मिळाली असती, कुणाच्या तरी तलंगेचं लहानसंही मिळालं असतं. माझ्या डोक्यात बसमध्ये सगळा वेळ फक्त आजची गोष्ट रचणं चाललं होतं. स्टँडबाहेर ऑम्लेटची गाडी होती. तिथं मिळालं ते अंडं पांढरंशुभ्र आणि मोठं. शेजारी चहावाला. मी त्याला म्हणालो, एक कोरा चहा दे, कडक, आणि मोठ्या ग्लासात. ग्लासात अंडं सोडलं आणि बाकावर बसलो.

तो बघतच राहिला. “काका, चहा पिताय का अंड्याला अंघोळ घालताय?”

“औषध आहे,” मी म्हणालो.

“कोणाला?”

मला गप्प बसवणारा त्या रस्त्यावर तो पहिलाच माणूस. अर्ध्या तासानं अंडं बऱ्यापैकी गावठी दिसायला लागलं. रुमालानं पुसलं. कुट्टीची एक काडी खिशात होती, तीही चिकटवली. मी इतकं केलं, बघ.

तू ते हातात घेतलंस. सुई उजव्या हाताला होती म्हणून डाव्या हातात घेतलंस. डोळे मिटलेस आणि अंगठा त्याच्यावरून फिरवलास, आधी जाड टोकाकडून, मग निमुळत्या टोकाकडून, जसा खरादीवरून उतरलेल्या लाकडावरून फिरवायचास, कुठं उंचवटा राहिला का बघायला. वजन तोललंस. मी उभा होतो. तुझा तो एक प्रश्न येईल म्हणून मी पलंगाचा दांडा धरून उभा होतो. चौथीपासून तो कधी चुकला नव्हता.

“मोठं शे,” तू म्हणालास. “पहिलं अंडं इतलं मोठं?”

“तुझ्या खोक्याची कमाल,” मी म्हणालो.

तू डोळे उघडले नाहीस. यंत्राचा आवाज येत होता. भाभी तुझ्या पायावरची चादर नीट करत होती.

“कुट्टीमा खड्डा कसा पडना व्हता?”

“गोल. ताटासारखा गोल.”

“गोल ना?” तू म्हणालास. “मंग बठनी ती.” आणि अंडं उशाशी ठेवलंस. जरा वेळानं माझ्याकडे न बघता म्हणालास, “तू सांगत ऱ्हाय. मी ऐकी ऱ्हायनू.”

तीन दिवस मी सांगत राहिलो. तू एकही प्रश्न विचारला नाहीस. आधी मला वाटलं, जिंकलो. मग भीती वाटायला लागली. तू विचारावंस म्हणून मी मुद्दाम भयंकर फेकत होतो. भुरी दिवसाला दोन देते म्हणालो. लालीचं अंडं चौकोनी आलं म्हणालो. एका अंड्यात तीन बलक निघाले आणि तिन्ही वेगवेगळ्या चवीचे म्हणालो. टाचणी लावायला तुला इतकी जागा मी आयुष्यात कधी दिली नव्हती. तू डोळे मिटून मान हलवायचास. छाती वर यायची, खाली जायची. दोन्हींच्या मधलं अंतर वाढत होतं.

शेवटच्या दुपारी मी तुला सांगत होतो, की आज सकाळी बाराही जणी सहा खोक्यांत पाळीपाळीनं बसल्या. कुणी जमिनीवर घातलं नाही, कुणी बाहेर गेली नाही. फळ्या काढायला मला उशीर झाला तर फळ्यांसमोर शिस्तीत रांग लावून उभ्या होत्या, तुझ्या शाळेच्या पोरी. मी रांग सांगत होतो, एकेकीचं नाव घेत. सातव्या-आठव्या नावावर भाभी उठून माझ्याजवळ आली आणि माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, “भाऊ, बस करा आता.”

मला अजून माहीत नाही, तू कुठल्या नावापर्यंत ऐकलंस.

कब्रस्तानात माती टाकायला मी होतो. लोक माझ्याकडे बघत होते, हा आता काहीतरी सांगेल म्हणून. मी नाही सांगितलं. तुझ्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे ढीगभर आहे, सलीम, खरं आणि वाढवलेलं दोन्ही. पण कुणी ‘उतरना कोठे’ विचारणार नसेल तर मला ते सांगता येत नाही. परवा स्टँडवर एक जुना ड्रायव्हर भेटला, म्हणाला, बिबट्याची गोष्ट सांग ना. मी म्हणालो, कसला बिबट्या.

तुझे उपकार मी मोजायला बसणार नाही. तू मला साठ वर्षं खोटं बोलू दिलंस आणि कधी खोटारडा म्हणाला नाहीस, बंडल म्हणालास. यातला फरक मला आत्ता कळतोय. आणि ज्या एका वेळी तू मला पकडायला हवं होतंस, ‘अरे नालायका, माझ्या कोंबड्या कुठं आहेत’ म्हणून त्या पडद्यापलीकडच्या नर्सला ऐकू जाईल असं ओरडायला हवं होतंस, त्या वेळी ओरडला नाहीस. ओरडायला छाती नव्हती म्हणून? खरं वाटलं म्हणून? की आणखी कशासाठी? रोज हाच प्रश्न घेऊन उठतो. भुरी तीन नंबरात बसली हे तू खरं मानून गेलास, तर मी तुला फसवून पाठवलं. आणि तुला खरं कळलेलं असेल, तर तू एकटाच बारा मेलेल्या कोंबड्या उराशी घेऊन तिथं पडून होतास, आणि मी समोर उभा राहून विनोद करत होतो. दोन्हींतलं कुठलं बरं, ते मला ठरवता येत नाही.

काल भाभीकडे गेलो. ती ओट्यावर तुझ्या पटाशा पुसून, तेल लावून, एकेक फडक्यात गुंडाळत होती. मला बघून तिनं पाट सरकवला. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगून टाकलं. फळ्या, पऱ्हाट्या, कुत्री, कात्री, चहातलं अंडं, सगळं, एका दमात, एकही शब्द न वाढवता. म्हणालो, “भाभी, तो विचारत होता तेव्हा एकही जिवंत नव्हती. मी खोटं बोललो. त्याला काय वाटलं असेल, ते तरी सांगा.”

तिनं हातातली पटाशी गुंडाळली, गाठ मारली आणि बाजूला ठेवली.

“तुम्ही अंडं आणलंत, त्याच रात्री ते म्हणाले होते,” ती म्हणाली, “कोंबड्यांचं भाऊंना विचारू नको.”